कै. खाशाबा जाधव

कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल असल्याने कुस्तीचे संस्कार त्यांना घरीच लाभले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथील वार्षिक क्रीडास्पर्धेत, ठेंगणा बांधा पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना उतरू दिले नाही. खाशाबांनी प्राचार्य खर्डेकरांकडे दाद मागितली आणि अनुज्ञा मिळताच आपल्याहून धिप्पाड मल्लांना चीत केले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, मातीची सवय असताना गादीवर लढून, त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यास द्रव्य अपुरे पडले. तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या विश्वासाचे चीज झाले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले; स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर कुस्त्या लढून त्यांनी प्राचार्यांचे ऋण फेडले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात रुजू झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी त्यांचे अपघाती निधन झाले; अर्जुन पुरस्कार मात्र मरणोत्तरच लाभला.

शहापूर-मुरबाडच्या आपल्या घरांतील एखादा सडपातळ मुलगा उद्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी प्रवासखर्च मागेल. ज्ञातिबांधवहो, त्या वेळी खर्डेकरांचे ते घर आपण स्मरावे, हीच नम्र विनंती.