दख्खनच्या जीवसृष्टीचा नोंदणीकार : कर्नल साइक्स

खडकीच्या ज्या लढाईने १८१७ मध्ये पेशवाईचा अस्त जवळ आणला, त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने एतद्देशीय शिपायांची तुकडी घेऊन लढलेले एक अधिकारी पुढे याच मुलखातील पक्षी, मासे आणि मुंग्यांचे वर्णनकार म्हणून ओळखले गेले. त्यांचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात २५ जानेवारी १७९० रोजी त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचे काम त्यांच्यावर सोपवले. लोकसंख्या, शेती, जमीनमहसूल, पाऊस आणि तापमान यांच्या नोंदी करणे हे त्यांचे नेमलेले काम होते. मात्र मुक्कामागून मुक्काम करताना त्यांनी प्राण्यांचे नमुनेही जमवले. १८२९ च्या अखेरीस सरकारने ते पदच रद्द केले. तरीही साइक्स यांनी लष्करी कामातून सवलत मिळवून पाहणी पूर्ण केली आणि १८३१ मध्ये मायदेश गाठला.

त्यानंतर शास्त्रीय वर्णनांची मालिकाच सुरू झाली. १८३२ च्या त्यांच्या पक्षिसूचीत ५६ पक्षी विज्ञानाला नवे म्हणून नोंदले गेले. आपल्या परिचयाच्या ढोकरीचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांचेच. चंडोलाच्या एका जातीला त्यांनी ‘देवा’, तर वटवट्याच्या एका जातीला ‘रामा’ हे नाव दिले. सातभाईच्या एका जातीला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे नाव मिळाले. अर्थात प्रत्येक नाव टिकले नाही. दख्खनचा कोळसुंदा ही स्वतंत्र जाती असल्याचे त्यांचे मत पुढे मान्य झाले नाही. पूर्वीच वर्णन झालेल्या जातीची उपजाती म्हणून ‘दुखुनेन्सिस’ हे त्यांचे नाव तेवढे उरले.

पुण्यातील मुंग्यांवरील त्यांचे निरीक्षण तर विशेष गाजले. मुंग्या धान्य साठवतात ही प्राचीन समजूत युरोपातील अनेक अभ्यासक तेव्हा खोटी मानत, कारण थंड प्रदेशातील मुंग्यांत तसे काही दिसत नसे. साइक्स यांनी पुण्यात पावसानंतर मुंग्यांना गवताचे भिजलेले बी वारुळातून वर आणून उन्हात वाळत घालताना पाहिले. त्या जातीला त्यांनी ‘प्रॉव्हिडेन्स’, म्हणजे दूरदर्शी, असे नाव दिले. शेकडो वर्षांची लोकसमजूत अशा रीतीने प्रत्यक्ष पुराव्यावर उभी राहिली.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे वाटावे असे त्यांचे काम माशांवरचे आहे. भीमा आणि तिच्या उपनद्यांतील चाळीसहून अधिक मासे त्यांनी वर्णिले. नावे देताना बहुतेक ठिकाणी त्यांनी कोळ्यांच्या तोंडचेच शब्द शास्त्रीय नावात घेतले. हेतू व्यवहारी होता. पुढे येणाऱ्या अभ्यासकाने ते नाव उच्चारले, की कोळ्याने तोच मासा काढून द्यावा. ‘शिंगटी’, ‘टाकरी’, ‘सिंघाला’, ‘खुदरी’ असे शब्द त्यामुळे लॅटिन वळणाच्या नावांत जाऊन बसले.

कळंबसारखी वऱ्हाडातील गावे तेव्हा निजामाच्या अमलाखाली असल्याने ती या पाहणीत आली नाहीत. नद्या मात्र राज्यांच्या सीमा पाळत नाहीत. यवतमाळचे पाणी वर्धा आणि पैनगंगेतून गोदावरीला मिळते आणि ‘सिंघाला’ हा मासा त्या खोऱ्यातही आढळतो.

पुढील आयुष्यात साइक्स यांना अनेक मान मिळाले. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १८५६ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १८५७ मध्ये अ‍ॅबरडीनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले. १६ जून १८७२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

जिंकलेल्या मुलखाची मोजदाद करणे ही राज्यकर्त्यांची गरज होती आणि साइक्स हे त्या राज्यव्यवस्थेचेच सेवक होते, हे विसरता येत नाही. वर्णनकाराचे नाव प्रत्येक जातीपुढे कायम लिहिले जाते. जाळे टाकून मासा हाती देणाऱ्या, त्याची ओळख सांगणाऱ्या कोळ्यांना ते भाग्य लाभले नाही. त्यांची भाषा मात्र साइक्स यांनी पुसली नाही. ज्या नद्यांनी हे मासे आणि त्यांची नावे दिली त्या आज धरणे, सांडपाणी आणि वाळूउपसा यांनी ग्रासल्या आहेत. मासाच उरला नाही, तर त्याचे मराठी नाव केवळ संग्रहालयाच्या बाटलीवर राहील.