एमिल बोदो

वीर हे महाड तालुक्यातील एक गाव. १९९३ साली रोह्याकडून कोकण रेल्वे येथवर आली. एकाच लोहमार्गावरून अनेक गाड्या धावू शकतात, कारण प्रत्येक गाडीची वेळ ठरलेली असते. एकाच तारेवरून अनेक निरोपही असेच धाडता येतील, हे फ्रान्समधील एका शेतकऱ्याच्या मुलाने ओळखले. त्याचे नाव एमिल बोदो.

त्याचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजी मान्यो या खेड्यात झाला. गावच्या प्राथमिक शाळेपलीकडे त्याचे शिक्षण झाले नाही. तरुणपणी तो वडिलांच्या शेतावर राबला आणि १८६९ साली तारखात्यात उमेदवार म्हणून लागला.

तेथे त्याने एक गोष्ट हेरली. एक अक्षर पाठवून दुसरे पाठवीपर्यंत तार रिकामीच राही. हा वाया जाणारा वेळ इतर निरोपांच्या कामी लावावा, असे त्याच्या मनाने घेतले. खात्याने त्याला उत्तेजन दिले; पण हे काम फावल्या वेळातच करावयाचे होते. त्याच सुमारास त्याची प्रकृती ढासळली. तरीही त्याने हाती घेतलेले कार्य सोडले नाही.

१८७४ साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. प्रत्येक अक्षरासाठी त्याने पाच खुणा योजिल्या. प्रत्येक खूण दोन प्रकारची असे. त्यामुळे ३२ निरनिराळ्या जुळण्या होत. तारेच्या दोन्ही टोकांना एकाच गतीने फिरणारी यंत्रे असत. त्यांच्या प्रत्येक फेऱ्यात एकेका तारमास्तराला आपली पाळी मिळे. यंत्राचा ठोका पडताच त्याने कळा दाबावयाच्या. लेझमीच्या मेळ्यात ताल चुकला की खेळ विस्कटतो. येथेही दोन टोकांचा ताल जुळला नाही, तर निरोपाचा अर्थच हरपे.

१८७७ साली पॅरिस-बोर्दो मार्गावर त्याच्या यंत्राची चाचणी झाली. १८७८ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक लाभले. २८ मार्च १९०३ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, तो निवर्तला.

पुढे प्रत्येक अक्षराआधी आरंभाची आणि नंतर समाप्तीची खूण पाठविण्याची रीत निघाली. त्यामुळे तारमास्तराची ठोक्याच्या बंधनातून सुटका झाली. संगणकांनी या दोन्ही रीती उचलल्या. मजकूर थोडाथोडा, सवडीने धाडावयाचा असेल तेथे खुणांची रीत सोयीची. पुष्कळ मजकूर अखंड धाडावयाचा असेल तेथे तालाची. संदेशवहनाच्या गतीच्या एका मापाला ‘बॉड’ म्हणतात. प्राथमिक शाळेपुरतेच शिकलेल्या त्या शेतकरीपुत्राचे नाव त्या मापात आजही टिकून आहे.