संवेगाला दिशा असते, हे कुणी दाखवले?

लहान गोटी कितीही वेगाने आदळली, तरी स्थिर असलेला मोठा गोळा जागचा हलणार नाही, असा नियम रने देकार्त यांनी १६४४ मध्ये मांडला. घरच्या घरी गोट्या घेऊन खोटा ठरवता येईल असा हा नियम! पण देकार्त म्हणजे त्या काळातले बडे प्रस्थ.

नेदरलँड्सच्या ख्रिस्तियान हायगेन्स (१६२९-१६९५) यांच्या वडिलांचे तर ते स्नेही. तरीही ऐन विशीत हायगेन्स यांना हा नियम खटकला. देकार्त यांना चूक ठरवू नये, असे गणिताचे गुरू व्हान स्खोटेन यांनी समजावून पाहिले. हायगेन्स ऐकेनात.

त्यांची युक्ती साधी होती. नावेत दोन सारखे, टणक चेंडू सारख्याच वेगाने समोरासमोर आदळतात आणि उलटे फिरतात. नावही तेवढ्याच वेगाने चालली असेल, तर काठावरच्या माणसाला एक चेंडू स्थिर दिसतो. टक्कर होताच तो निघतो आणि दुसरा थांबतो. आजच्या भाषेत, संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. एका दिशेचा अधिक धरला, तर विरुद्ध दिशेचा उणे धरायचा. मगच टकरीआधीची आणि नंतरची बेरीज जुळते. देकार्त यांनी दिशाच हिशेबात घेतली नव्हती.

१६६९ च्या आरंभी लंडनच्या रॉयल सोसायटीने वॉलिस आणि रेन यांचे टकरीचे नियम छापले, हायगेन्स यांचे मात्र नाहीत. नाराज होऊन त्यांनी ते फ्रेंच नियतकालिकात दिले. सिद्धतांसह संपूर्ण ग्रंथ निघाला तो १७०३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ८ वर्षांनी.