आठ मिनिटांचा फरक : केप्लरची गोष्ट



साध्या दोलकाचा प्रयोग आठवतो ना? गुरुत्वत्वरण काढायचं असतं आणि उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. मग मुलं काय करतात? आधी उत्तर लिहितात आणि त्यावरून मागे मागे जात निरीक्षण तक्ता भरतात. आपण सही करतो. खरं सांगा, आपणही विद्यार्थी असताना हेच केलं होतं!

दहावीच्या पुस्तकात केप्लरचे तीन नियम आहेत. ते शिकवताना या माणसाचं आयुष्यही मुलांना सांगावं असं मला फार वाटतं.

योहान्नेस केप्लर १५७१ साली जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट या छोट्या गावात जन्मला. वडील भाडोत्री सैनिक, घर सोडून गेलेले. लहानपणी देवी आल्या आणि नजर कायमची अधू झाली. म्हणजे आकाशाचा अभ्यास करणाऱ्या या माणसाला आकाश नीट दिसतच नव्हतं! ट्यूबिंगेनला शिकून धर्मोपदेशक व्हायचा बेत होता, पण १५९४ साली ग्राझच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा मिळाली. आपल्यातलाच एक म्हणायचा.

१६०० साली तो प्रागला टायको ब्राहेकडे गेला. दुर्बिणीचा शोध लागायच्या आधी, नुसत्या डोळ्यांनी टायकोइतकी अचूक निरीक्षणं कुणीच केली नव्हती. पुढच्याच वर्षी टायको वारला. वारसांनी हक्क सांगायच्या आत केप्लरने त्या नोंदी ताब्यात घेतल्या. हे काही फार सरळ वागणं नव्हतं, आणि पुढे त्याने एका पत्रात तसं मोकळेपणाने कबूलही केलं.

आता मंगळाची कक्षा शोधायची होती. ग्रह वर्तुळातच फिरतात हे दोन हजार वर्षांचं गृहीतक. केप्लरने वर्तुळ धरून आकडेमोड सुरू केली. एकच किचकट गणित त्याने सुमारे सत्तर वेळा केलं. जमलंही! बरीचशी निरीक्षणं छान जुळली. मग इतर निरीक्षणांशी ताडून पाहिलं, तर आठ मिनिटांचा फरक निघाला. ही घड्याळाची मिनिटं नव्हेत, कोनाची. एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातले आठ. मुलांना सांगायचं तर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण चौथा भाग.

एवढासा फरक कुणी पाहिला असता? जुन्या ज्योतिर्विदांच्या निरीक्षणांत तेवढी चूक चालूनच जायची. पण टायकोच्या नोंदीत एवढी चूक असणं शक्य नाही, हे केप्लरला ठाऊक होतं. त्याने निरीक्षण बदललं नाही, काही वर्षांच्या मेहनतीचं उत्तर टाकून दिलं. १६०५ च्या सुमारास कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं त्याला सापडलं. १६०९ च्या 'अॅस्ट्रोनोमिया नोव्हा' या ग्रंथात त्याने फक्त शेवटचं उत्तर छापलं नाही, फसलेले प्रयत्नही तपशिलात सांगितले. १६२७ चे ग्रहतक्ते छापले तेव्हा मुखपृष्ठावर टायकोचं नाव ठळक ठेवलं.

इथेच थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. पण पुढचा भागही सांगायलाच हवा.

१९८८ साली विल्यम डोनाह्यू या अमेरिकन अभ्यासकाने याच ग्रंथाचं भाषांतर करताना त्यातला एक तक्ता पुन्हा गणित करून तपासला. मंगळाची अंतरं निरीक्षणांवरून काढली आहेत आणि ती लंबवर्तुळाला दुजोरा देतात, असं तिथे दिसत होतं. प्रत्यक्षात ते आकडे केप्लरने स्वतःच्या सिद्धांतावरूनच काढलेले निघाले. म्हणजे आपल्या मुलांच्या दोलकासारखंच! त्याचा हेतू फसवण्याचा होता का, यावर मतं वेगवेगळी आहेत. लंबवर्तुळ तर बरोबरच होतं. पण आमच्या मुलांचं ९.८ सुद्धा बरोबरच असतं की! उत्तर बरोबर असलं म्हणून तक्ता खरा ठरत नाही. आठ मिनिटांसाठी सगळं मोडणाऱ्या माणसाच्याही हातून हे झालं, ही गोष्ट मला मुलांपासून लपवावीशी वाटत नाही.

यंदा अकरावीच्या मुलांना मी तक्ता पेनानेच भरायला सांगितला. खाडाखोड चालेल, खोडरबर नको. आणि उत्तर चुकलं म्हणून गुण कापणार नाही, हेही आधीच सांगितलं. एकाचं उत्तर आलं १०.८. बिचारा वही पुढे करायलाच तयार नव्हता. मी पूर्ण गुण दिले आणि एवढंच विचारलं, असं का आलं असेल? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो पुन्हा दोलक घेऊन बसला. दोरी मोजली, घड्याळ तपासलं. मग सापडलं. गोळा सोडताना त्याने 'शून्य' म्हणायच्या ऐवजी 'एक' म्हटलं होतं. वीस दोलनं समजून तो एकोणीसच मोजत होता.