हर्था एअर्टन

गोकुळ रोडवरील कारखान्यांत वेल्डिंग चालू असता जो डोळे दिपविणारा निळसर प्रकाश चमकतो, तो विद्युत्-प्रज्योतीचा होय. तिचे मर्म शोधण्यासाठी ज्या विदुषीने वर्षानुवर्षे कष्ट केले, त्या हर्था एअर्टनबाईंचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म इंग्लंडातील पोर्टसी येथे १८५४ साली झाला. घड्याळजी असलेले वडील १८६१ मध्ये वारले. आईने शिवणकाम करून मुले वाढविली. बाईंनी केंब्रिज येथे गणिताचा अभ्यास केला व १८८० मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु स्त्रियांस पदवी न देण्याचा तेथील शिरस्ता असल्याने त्यांस पदवी मिळाली नाही. १८८५ साली विद्युत्-शास्त्राचे प्राध्यापक विल्यम एअर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये प्रज्योत पेटवून रस्त्यांवर उजेड करीत. हे दिवे मधूनच फुसफुसत. बाईंनी कारण शोधले. धन कांडीच्या टोकास तापून खळगा पडतो. प्रवाह वाढून तो टोकाबाहेर पसरला, की हवेतील ऑक्सिजन तेथे पोचून कार्बन जळू लागतो आणि आवाज होतो.

पुढे शास्त्रज्ञांनी निर्वात पोकळीतील प्रज्योतही अभ्यासिली. तेथे हवा नाही. ऋणाग्रावरील सूक्ष्म, चंचल, तप्त ठिपक्यांतून धातूची वाफ उसळते व तीच प्रवाह वाहून नेते. प्रत्यावर्ती प्रवाह शून्यावर येताच ठिपके विझतात. वीजकेंद्रांतील निर्वात सर्किट ब्रेकर याच तत्त्वावर प्रवाह तोडतात.

१८९९ मध्ये विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेने बाईंस पहिली स्त्री-सभासद करून घेतले. रॉयल सोसायटीत मात्र १९०१ साली त्यांचा निबंध दुसऱ्या शास्त्रज्ञाने वाचला. १९०२ मध्ये सभासदत्वासाठी त्यांचे नाव सुचविले गेले, तेव्हा विवाहित स्त्रीस सभासद होता येत नाही, असा कायद्याचा आधार देऊन ते नाकारण्यात आले. त्याच संस्थेने १९०६ साली त्यांस ह्यूज पदक दिले! बाई १९२३ मध्ये निवर्तल्या. सोसायटीचे दार स्त्रियांस उघडले ते १९४५ साली.

फुसफुसणारा दिवा सर्वांनीच ऐकला होता. तो का फुसफुसतो, हे विचारून उत्तर मिळेपर्यंत न थांबणे, हेच बाईंचे मोठेपण. आमच्या विद्यार्थिनींनी, आणि विद्यार्थ्यांनीही, ते लक्षात ठेवावे.