विलिस कॅरियर

विलिस हॅविलंड कॅरियर (२६ नोव्हेंबर, १८७६ - ७ ऑक्टोबर, १९५०) हे आधुनिक वातानुकूलनाचा पाया घालणारे अमेरिकन अभियंते होते. १९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन ते बफेलो फोर्ज कंपनीत रुजू झाले.

१९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्याची अडचण त्यांच्याकडे आली. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे. त्यामुळे एकापाठोपाठ छापलेले रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. हवा तापवण्यासाठी ज्या प्रकारच्या वेटोळ्या नळ्यांतून वाफ खेळवली जाई, तशाच नळ्यांतून कॅरियर यांनी थंड पाणी सोडले व पंख्याने त्यांवरून हवा वाहती ठेवली. हवेतील बाष्प नळ्यांवर दवासारखे जमून हवा कोरडी होई. माणसांना गारवा मिळाला तो ओघाने. आर्द्रतेविषयीची त्यांची सूत्रे १९११ मध्ये प्रसिद्ध झाली. १९१५ मध्ये त्यांनी सहा सहकाऱ्यांसह स्वतःची कंपनी स्थापन केली.