कर्मवीर अण्णांच्या वसतिगृहाची चूल

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव निघाले की रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांची संख्या सांगण्याचा प्रघात आहे. संख्या मोठी आहे आणि ती सांगणाऱ्यांचा अभिमानही रास्त आहे. परंतु या संस्थेच्या मुळाशी फळा आणि खडू यांच्याइतकीच एक चूल होती, हे सहसा सांगितले जात नाही. खेड्यातल्या मुलाला पुढे शिकायचे तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी त्याने राहायचे कोठे, जेवायचे काय आणि कोणाच्या पंगतीला बसून, हे त्या काळी शिक्षणाचे पहिले प्रश्न होते. अभ्यासक्रम, पुस्तके, परीक्षा हे सारे त्यानंतरचे. माजी विद्यार्थी शाळेत भेटावयास येतात तेव्हा त्यांच्या आठवणींत गणिताच्या तासापेक्षा मधल्या सुट्टीतील डबेच अधिक असतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत अण्णांचे चरित्र त्यांच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून सांगावे, असे वाटले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव पायगोंडा, आईचे गंगाबाई. घराणे सांगली भागातील ऐतवडे बुद्रुकचे. पण त्याचे मूळ त्याही मागे दक्षिण कन्नड जिल्ह्यातील मूडबिद्री येथे सांगितले जाते. बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून बरे वाटावे. आपण मराठी घेऊन कन्नड मुलुखात आलो, त्यांचे पूर्वज कन्नड मुलुखातून मराठी देशात गेले. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना ‘अण्णा’ म्हणू लागला, आणि तो शब्द तर दोन्ही भाषांचा आहे. आपल्या बसवनगुडीत फुलवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कोणालाही त्याच शब्दाने हाक मारता येते.

वडील महसूल खात्यात नोकरीला असल्यामुळे बालपण निरनिराळ्या गावी गेले. माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. कोल्हापूर तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचे होते. महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे काढण्यास आरंभ केला होता. जातवार वसतिगृहे ही आज ऐकताना खटकणारी गोष्ट आहे, पण त्या परिस्थितीत तीच शक्य होती. तेवढी सोय झाली नसती तर कित्येक समाजांतील पहिला पदवीधर आणखी एक पिढी उशिरा झाला असता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह उघडले, त्या समारंभाला तरुण भाऊराव गेले. तेथून परतल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याशिवाय बोर्डिंगमध्ये वावरता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी स्नान करण्यास नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. राहण्याजेवण्याची सोय एका नकारापायी जाऊ शकते, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच अनुभवले. हायस्कूलचे शिक्षणही अर्धेच राहिले.

गरीब विद्यार्थ्याच्या जेवणाच्या तत्कालीन रीती येथे सांगावयास हव्यात. पुण्यात ब्राह्मण मुले माधुकरी मागत, किंवा वार लावून जेवत; म्हणजे सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. आपल्या कर्नाटकात हीच चाल ‘वारान्न’ या नावाने होती. थोर माणसांच्या चरित्रांत या वारांचे वर्णन मोठ्या जिव्हाळ्याने येते, आणि ज्यांनी परक्या मुलाला आठवड्यातून एकदा पान वाढले त्या गृहिणींचे ऋण खरोखरच मोठे आहे. पण ही सोय ज्या घरांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचता येत असे, त्या जातीच्याच मुलांना होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महार-मांगांच्या मुलाला वार लावून जेवू घालणारे घर शहरात कोठे होते?

शिक्षण सुटल्यावर भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. दुधगावला मित्रांच्या साहाय्याने निरनिराळ्या समाजांतील मुलांना एकत्र ठेवण्याचा एक प्रयोगही त्यांनी करून पाहिला. पुढे किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी आणि साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यासाठीही त्यांनी काम केले. या भटकंतीला त्यांच्या चरित्रकारांनी फार जागा दिलेली नाही. मला मात्र ती महत्त्वाची वाटते. लोखंडी नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याच्या घरात दाणे किती महिन्यांचे आहेत हे कळते, आणि त्याचा मुलगा शाळेऐवजी गुरांमागे का आहे हेही कळते.

१९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक परिषद भरली आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी तेथेच रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. सुरुवात वसतिगृहाने झाली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि भाऊरावांनी तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एक वसतिगृह उघडले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी मुले एका छपराखाली राहू लागली. शाहू महाराजांच्या वसतिगृहांत मुले आपापल्या समाजाच्या पंगतीला जेवत. येथे चूल एक, पंगत एक. गुरू मानलेल्या पुरुषाच्या कामापुढे टाकलेले हे पाऊल होते.

आणि ती चूल लक्ष्मीबाईंची होती. भाऊरावांच्या या पत्नी सुखवस्तू घरातून आलेल्या. संस्कार सोवळ्याओवळ्याचे, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या जैन घराचे. अशा स्त्रीच्या स्वयंपाकघरात नवऱ्याने एके दिवशी ज्यांची सावलीही टाळली जाई अशी मुले आणून बसविली. प्रथम त्यांना अवघड गेले, हे लपविण्याचे कारण नाही. पण मुले जेवत गेली, आजारी पडत गेली, रात्री घराच्या आठवणीने रडत गेली, आणि लक्ष्मीबाई त्यांच्या आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपले आणि पैसा नव्हता, तेव्हा त्यांनी एकेक करीत आपले दागिने विकले. शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितली जाते की लक्ष्मीबाई म्हणजे मंगळसूत्र, एवढेच समीकरण उरले आहे. मला त्यात थोडा अन्याय दिसतो. दागिना एकदाच विकता येतो. भाकऱ्या दोन्ही वेळा थापाव्या लागतात. वाढत्या वयाची मुले, त्यांची भूक, पीठ मळणारे हात मोजके, सरपण ओले. त्या भागातील रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी आणि कोरड्यास, फार तर आमटी. पण तेही इतक्या जणांना वेळेवर आणि सारखे वाढणे हे काम किती मोठे, हे जिने कधी सहलीच्या मुलांचा स्वयंपाक केला आहे तीच जाणेल. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. संस्था तेव्हा अवघी अकरा वर्षांची होती, आणि त्यांच्या हातचे जेवलेली मुले अजून शिकतच होती.

मध्यंतरी १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले. त्यांनी हे वसतिगृह पाहिले आणि त्यांच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. पुढे गांधीजींच्या शब्दावरून वसतिगृहास वर्षाला पाचशे रुपयांची मदतही मिळू लागली. कोचरबच्या आश्रमात अस्पृश्य कुटुंब ठेवून घेतल्यावर देणग्या कशा आटल्या होत्या, हे गांधीजी जाणून होते. साताऱ्यातली पंगत पाहून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना त्यावरून करता येते. पंगतीला विरोध अर्थातच होता. आपला मुलगा अमक्यांच्या मुलाशेजारी जेवतो हे कळल्यावर नाराज होणारे पालक होते, भाऊरावांना नावे ठेवणारे गावकरी होते. भाऊरावांनी मुलगा परत पाठविणे पत्करले असते. पंगत वेगळी मांडणे मात्र पत्करले नाही.

या जागी थोडे थांबावेसे वाटते. अमुक जातीच्या बाईने शिजविलेले शाळेतील अन्न आमची मुले खाणार नाहीत, अशा तक्रारीची बातमी आजही वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचावयास मिळते, आणि ती सगळीच दूरच्या प्रांतांतील नसते. शहरातील सुशिक्षित घरांत हा प्रश्न सभ्य वेषात येतो. माझ्या मुलाला अमक्याच्या डब्याशेजारी बसवू नये, त्याला वासाचा त्रास होतो, अशी चिठ्ठी मुख्याध्यापिकेच्या टेबलावर येते तेव्हा ती लिहिणारी आई दुष्ट नसते. तिला आपले म्हणणे साधे आणि योग्यच वाटत असते. साताऱ्यातल्या पालकांनाही तसेच वाटत होते.

वसतिगृहाचा खर्च कसा चाले, हा या चरित्रातील सर्वांत बोधक भाग आहे. सधन शेतकरी धान्य देत. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्य मागितले जाई. ज्याच्याकडे पायली नव्हती त्याच्याकडून मूठही घेतली जाई. मुले स्वतः पाणी भरीत, लाकडे आणीत, भाजी लावीत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत, भांडी घाशीत. साताऱ्यातील धनिणीच्या बागेत हा संसार पुढे वाढला. भाऊरावांना भिक्षेवर वाढलेला विद्यार्थी नको होता. जेवणाचा मोबदला श्रमाने फेडलेला असला म्हणजे मुलगा कोणापुढे मान खाली घालीत नाही, अशी त्यांची धारणा होती. ‘कमवा आणि शिका’ ही पुढे गाजलेली योजना या भांडी घासण्यातून आणि वाफे खणण्यातून उगवली. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाचे विद्यालय निघाले, तेथे हे तत्त्व माध्यमिक शाळेच्या पातळीवर आले. ब्राह्मणाच्या मुलानेही फावडे धरावयाचे आणि मातंगाच्या मुलानेही भाकरी वाढावयाची, असा दंडक होता.

१९३५ साली रयतने शिक्षक तयार करण्यासाठी साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले. त्याच १९३५ सालची आपल्या बसवनगुडीतील एक हकीकत आहे. गौरीबिदनूरजवळच्या होसूर गावचा एक गरीब मुलगा येथील नॅशनल हायस्कुलात शिकण्यासाठी पायी चालत बेंगळुरूला आला. तो वसतिगृहांच्या आधाराने शिकला. ते एच. नरसिंहय्या पुढे बंगलोर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तरी नॅशनल कॉलेजच्या वसतिगृहातील साधी खोली त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. १९४२ च्या चळवळीत ते येरवड्याच्या तुरुंगातही राहून आले. गांधी बझारमधील ‘विद्यार्थी भवन’ १९४३ च्या सुमारास निघाले ते नावाप्रमाणे आसपासच्या विद्यालयांतील मुलांच्या खाण्याची सोय म्हणून; आज तेथे डोशासाठी ताटकळणाऱ्या गर्दीत विद्यार्थी किती असतात ते सोडा. सातारा असो वा बसवनगुडी, शाळेच्या आसपास कोणीतरी चूल पेटविल्याशिवाय बाहेरगावचा मुलगा शाळेत टिकला नाही.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. लगेच १९४८ साली संकट आले. भाऊराव स्पष्टवक्ते होते, सरकारवर टीका करताना शब्द मवाळ करणे त्यांना जमले नाही, आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. वसतिगृहांतील हजारो तोंडांचा प्रश्न उभा राहिला. त्या काळात पुन्हा रयतच धावून आली. गाडगे महाराजांनी संस्थेसाठी शब्द टाकला, आणि पुढे अनुदान सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला कॉलेज काढले तेव्हा भाऊरावांनी त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. शाळेची पायरी न चढलेल्या, हातात गाडगे घेऊन भाकरी मागणाऱ्या साधूचे नाव महाविद्यालयाला देण्याचे त्यांना सुचले, यात नवल वाटत नाही.

शाळेत शिजलेले अन्न मुलांना देण्याची गोष्ट पुढे सरकारांनीही हाती घेतली. मद्रास राज्यात कामराज यांनी १९५६ च्या सुमारास, केंद्राने १९९५ साली, आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आपल्या कर्नाटकाने ‘अक्षर दासोह’ या नावाने. दासोह हा शब्द शरणांच्या परंपरेतला. श्रम आणि अन्नदान यांचे नाते त्यात आधीच आहे. भाऊरावांना तो आवडला असता.

१९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा संस्थेची ३८ वसतिगृहे चालू होती. ‘कमवा आणि शिका’ योजनेत आजही महाराष्ट्रातील विद्यापीठांत मुलेमुली ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काही तास काम करून खानावळीचे पैसे भागवितात. त्यांतील बहुतेकांना योजनेचा जनक ठाऊक असतो. साताऱ्याच्या त्या पहिल्या चुलीपुढे बसलेल्या बाईंच्या नावाचे महिला महाविद्यालय सोलापुरात आहे.